तिसऱ्या मजल्याचे भाडे

तिसऱ्या मजल्यावरचे एसी काढावेत, खिडक्यांना लाकडी झडपा बसवाव्यात, अंघोळीचे पाणी गच्चीवर उन्हात तापवावे आणि या साऱ्याबद्दल पाहुण्यांकडून भाडे कमी नव्हे, उलट जास्तच घ्यावे, ही कल्पना जावयाची; हॉटेल मात्र सासऱ्यांचे. काढून टाकलेल्या वस्तूचे पैसे सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला लावले नव्हते. "माणूस सोयीचे पैसे देतो, जावईबापू," ते म्हणाले होते, "गैरसोय त्याला घरी फुकट मिळते." तरी लेकीच्या तोंडाकडे पाहून त्यांनी एक हंगाम दिला. तो सरत आला तरी मजला बहुधा रिकामाच होता. झाडापाण्याविषयी कळवळ्याने बोलणारे पुष्कळ आले. दर ऐकताच दुसऱ्या मजल्याची किल्ली घेऊन गेले.

आज मात्र एक प्राध्यापक बाई आणि त्यांचे यजमान जास्तीचे भाडे देऊन वर उतरले होते, आणि नेमके आजच ऊन अंगावर धावून येत होते. सासऱ्यांनी एसीच्या मेकॅनिकला बोलावून काउंटरसमोर बसवून ठेवले होते. बाईंची एक तक्रार आली, की यंत्रे पुन्हा भिंतीत जाणार होती. मेकॅनिक हत्यारांची पिशवी पायाशी ठेवून निवांत चहा पीत होता.

जावयाचा पाय एका जागी ठरेना. वर जाऊन त्याने दार वाजवले आणि वारा येतो ना, म्हणून विचारले. बाई हो म्हणाल्या. पण जिना उतरताना तो होकार त्याला पडेल वाटू लागला. म्हणून तो गार पाणी घेऊन गेला. मग झडप तिरपी कशी करायची ते दाखवायला गेला. मग पडदा ओला करून लावू का, हे विचारायला. तेव्हा यजमान बनियनवरच, डोळे चोळत दाराशी आले आणि हातानेच नको म्हणून आत वळले. तेवढ्याने जावयाचे उरलेसुरले अवसान गळाले.

"वर कोणी बाळंत होतंय का?" वर्तमानपत्राआडून सासऱ्यांनी विचारले.

एवढ्यात बाईच खाली आल्या. त्यांनी किल्ली काउंटरवर ठेवली आणि खोली बदलून मागितली. मेकॅनिकने पिशवी उचलली.

"फार उकडतंय का बाई?" सासऱ्यांचा स्वर हळवा होता, डोळे मात्र जावयाकडे.

"उकडतंय, पण ते ठाऊक असूनच आलो. वारा चांगला आहे, यांचा डोळाही लागतो. लागला, की तुमचे हे गृहस्थ दार वाजवतात. ते जिथे येत नाहीत, अशी कुठलीही खोली द्या."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. मग किल्ली बाईंच्या हाती परत दिली. "वरच राहा. दार वाजवणारी वस्तू आम्ही खाली ठेवून घेतो." आणि मेकॅनिकला म्हणाले, "तुम्ही निघा. बिघाड सापडला, पण तुमच्या हातचा नाही."

मेकॅनिकच्या रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी बोट दाखवले. जावई बसला. मजला आजपुरता वाचला होता. उद्या दर ऐकून कोण वर चढेल, या विचाराने त्याचा गुडघा हलतच राहिला. वर कुठेतरी झडप दाणकन आपटली. तो अर्धा उठला. सासरे नुसते खाकरले.

तो पुन्हा बसला आणि कान छताकडे लावून, वरचे कोणी उठून ती लावते का, याची वाट पाहू लागला.