वकिलाची दाढी

दुसऱ्या अंकातल्या वकिलाची दाढी हरवली तेव्हा मी वकिलालाच धारेवर धरलं होतं. आमच्या नाटक कंपनीत सगळ्यांची तोंडं रंगवायचं काम माझं. दाढ्या, मिशा, टोप, सगळं माझ्या ताब्यात. "अहो, दाढी म्हणजे काय रुमाल आहे का, कुठेही विसरायला?" असं सगळ्यांदेखत बोलले. बिचाऱ्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दाढी पेटीत हजर! मी मनात म्हटलं, बघा, गुपचूप आणून ठेवली की नाही.

ठेवली होती भिंगरीनं. भिंगरी म्हणजे माझी अकरा वर्षांची लेक. घरात नुसती गरगरत असते म्हणून भिंगरी. एका जागी बसते ती फक्त चित्र काढताना. आपली चित्रं लोकांना दाखवायचं एक अ‍ॅप आहे, ते तिला हवं होतं आणि मी साफ नाही म्हटलं होतं. का, तर त्यात शिरायला मुलांना स्वतःचं डिजिटल ओळखपत्र जोडावं लागतं, वर आईबापाचंही. मोठ्यांनी मात्र नुसतं कॅमेऱ्यात बघायचं. यंत्र वय ओळखतं आणि दार उघडतं. हे सगळं म्हणे मुलांच्या सुरक्षिततेसाठी!

मग आमच्या बाईसाहेबांनी काय केलं? वकिलाची दाढी चिकटवली, माझ्याच पेन्सिलीनं कपाळावर आठ्या काढल्या आणि बसल्या कॅमेऱ्यापुढे. यंत्रानं तिला खुशाल चाळिशीतला बाप्या ठरवून टाकलं. शाळेत मिळणार नाहीत इतके मार्क त्या दाढीला मिळाले.

हे मला कळलं कारण एका दुपारी ती फोन घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. गरगरत नव्हती. "आई, आधी रागावणार नाही म्हण."

"रागावणारच. बोल."

अ‍ॅपवर कुणी एक तिच्या चित्रांचं कौतुक करत होता. आधी मांजराचं, मग छत्रीचं. मग त्यानं लिहिलं होतं, 'तू खरं तर लहान आहेस ना? मला कळलंय. कुणाला सांगणार नाही. तूही आईला सांगू नकोस.' एवढ्या महागड्या यंत्राला जे ओळखता आलं नाही, ते त्या मेल्यानं चार ओळींत ओळखलं. आणि खाली शेवटचा निरोप होता, 'चित्रातली ती बेकरी तुझ्या घरासमोरच आहे का?'

मी फोन घेऊन ते चित्र उघडलं. भिंगरीनं आमच्या खिडकीतून दिसतं ते सगळं चितारलं होतं. पाण्याची टाकी, कोपऱ्यावरचा दिवा आणि समोरची बेकरी, पाटीवरच्या नावासकट. अक्षरं इतकी सुबक काढली होती की एरवी मी पाठ थोपटली असती.

त्या माणसाला आम्ही ब्लॉक केलं. तो दुसऱ्या नावानं आला. पोलिसांकडे गेले. त्यांनी तक्रार लिहून घेतली आणि म्हणाले, "चौकशी करतो, पण ताई, आधी ते चित्र तिथून काढा." काढा म्हणे! चित्र पुसायचं तर चेहरा दाखवा, खातं बंद करायचं तर चेहरा दाखवा. भिंगरीनं धुतल्या तोंडानं दाखवला. उत्तर आलं, 'हा चेहरा खातेदाराचा नाही.'

"दाढी लावून दाखवू?" भिंगरीनं विचारलं.

"गप्प बस! त्या दाढीनंच ही वेळ आणली आहे. आता सगळं सरळ मार्गानं करायचं."

सरळ मार्ग म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं म्हणून ही ऐट. मी अ‍ॅपच्या कंपनीला कळवलं की खातेदार चाळिशीतला पुरुष नसून माझी लहान मुलगी आहे. त्यांनी लिहिलं, सिद्ध करा. जन्मदाखला पाठवा. पाठवला. शाळेचं ओळखपत्र पाठवा. पाठवलं. मुलीचा चेहरा समोरून, डावीकडून, उजवीकडून. तेही केलं, ती तोंड वाकडं करत होती तरी हनुवटी धरून केलं. घराचा पत्ता, माझं ओळखपत्र. मागतील ते देत गेले. एवढं सगळं घेऊन शेवटी उत्तर काय, तर 'कागदपत्रं मिळाली. मात्र खातेदार प्रौढ असल्यानं त्यांच्या खासगीपणाचा मान राखून त्यांच्या खात्याविषयी आम्ही इतरांशी बोलू शकत नाही.'

खातेदारांचा मान! खातेदार माझ्याशेजारी बसून नखं खात होते.

फोन करावा तर माणूस नाही, नुसता एक गोड आवाज. 'आपली अडचण आम्ही समजतो.' अगं बाई, समजतेस तर चित्र काढ ना! मी इतकी ओरडले की त्या आवाजानं मला शांतपणे पहिल्या पर्यायावर परत नेऊन सोडलं. खरंच हात टेकले मी. इकडे भिंगरीनं खिडकीजवळ बसणंच सोडलं होतं. चित्र काढायलाही बसेना. पडदा ओढून घेते आणि विचारते, "आई, बेकरीपाशी तो माणूस कोण उभाय गं?" पाव घ्यायला आलेला प्रत्येक जण मला तोच वाटायला लागला.

त्या संध्याकाळच्या प्रयोगाला तिला एकटीला घरी ठेवायचा धीर झाला नाही. मेकअपच्या खोलीत घेऊन आले. वकिलाच्या गालाला गोंद लावता लावता मी सगळं ओकून टाकलं, दाढीच्या चोरीसकट. वकील हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, त्या यंत्राला जो चेहरा हवाय तोच द्या की. माझी घाई नाही."

मी भिंगरीला खुर्चीत बसवलं. आता काम माझ्या हातात होतं. कडेचा एकेक केस बसवला, आठ्यांना सावली दिली, डोळ्यांखाली वय आणलं. असा अस्सल वकील झाला की खरा वकील बघत राहिला. कॅमेरा धरला. 'हा चेहरा खातेदाराचा नाही.'

"आई, तू फार चांगलं केलंयस," भिंगरी म्हणाली. "माझी दाढी एका बाजूनं लोंबत होती. आठ्या पण सरळ रेघा होत्या, पट्टीनं मारल्यासारख्या."

इतकी वर्षं मी हाताखालच्या पोरीबाळींना हेच शिकवलं की आठी सरळ काढायची नाही. आता दात-ओठ खात स्वतःच्या हातानं सरळ रेघा मारल्या. दाढी लोंबवली. भिंगरी आरशात बघून सांगत होती, अजून खाली, अजून वाकडी. जिवावर आलं, पण केलं.

'स्वागत आहे.'

चित्र गेलं. मग सगळी चित्रं गेली. मग खातंच गेलं. 'आपली माहिती कायमची पुसली आहे' असं आलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले आणि रडले, वकिलासमोरच.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. त्याच कंपनीचा निरोप. 'बंद केलेल्या खात्याशी संबंध नसल्यानं, आपल्या मुलीची आपण पाठवलेली कागदपत्रं व चेहऱ्याची छायाचित्रं सुरक्षिततेच्या कारणास्तव आमच्याकडेच जपून ठेवली जातील.'

भिंगरीनं माझ्या खांद्यावरून वाचलं. दोनदा वाचलं असावं.

"मी त्यांना खरं काहीच दिलं नव्हतं गं," ती म्हणाली. "नाव खोटं, दाढी खोटी. फक्त ती बेकरी खरी होती, ती आत्ता पुसली. बाकीचं सगळं तू दिलंस."

टोमणा नव्हता तिच्या आवाजात. तेल लावलेला कापूस माझ्या हातात होता. दाढी सोडवायला मी तिच्या हनुवटीला हात लावला, तर तिनं मान मागे घेतली.

"राहू दे ना आई. घरी जाईपर्यंत."

बाहेर दुसऱ्या अंकाची घंटा झाली. मी वकिलाकडे पाहिलं. ते आरशात आपल्या उघड्या हनुवटीवरचा गोंद पुसत होते.

"असू दे तिच्याकडे," ते म्हणाले, आणि त्या दिवशी वकील दाढीशिवायच कोर्टात उभे राहिले.