घरच्यांना काय टेप लावायची

नदी होती तिथेच होती, पण इतकी वर्षं तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. कारखान्यांनी तिच्याकडे पाठ करून बसायचं आणि नको ते मागच्या दाराने तिच्यात सोडायचं, असा रिवाज. मग कारखाने एकेक करून बंद पडले, पाणी जरा निवळलं, आणि बड्या लोकांना शोध लागला की अरेच्चा, इथे तर नदी आहे! एका बांधकाम कंपनीने लगेच जाहीर करून टाकलं, इथे टॉवर होणार. खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर घरं. म्हणजे माणसाने वर झोपायचं, मध्ये राबायचं, खाली खर्च करायचा आणि वेळ उरलाच तर नदी बघायची.

फक्त एका ठिकाणी घोडं पेंड खात होतं. काठावरच्या जुन्या शेडमध्ये काही कारागीर अजून ठाण मांडून होते. त्यांच्या सह्यांशिवाय काम पुढे सरकत नव्हतं, आणि ते सगळे बघत होते मिस्त्रींच्या तोंडाकडे. मिस्त्री म्हणजे सुतार. त्यांनी सही केली की बाकीचे डोळे मिटून करणार.

मिस्त्रींचं मागणं एवढंच होतं की वडिलांचं बाकडं नदीकाठीच राहिलं पाहिजे. अख्ख्या झाडाच्या एका फळीचं बाकडं, लाकूड धरून रंधा मारायचं. वडिलांचे हात लागून लागून त्याची कड गुळगुळीत झाली होती. मिस्त्री सकाळी आले की आधी त्या कडेवरून हात फिरवायचे आणि मगच करवत उचलायचे.

कंपनीने काही त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांना काम दिलं! सजावटवाल्या मॅडम शेडमध्ये आल्या आणि सॅम्पल फ्लॅटचं फर्निचर सांगून गेल्या. मापं बघून मिस्त्रींना वाटलं, बाईंची गल्लत झाली. पलंग आखूड, खुर्च्या बुटक्या, कपाटात हँगर आडवा मावेल तर शपथ.

"मॅडम, ह्या पलंगावर माणूस झोपणार कसा?"

"मिस्त्री, इथे झोपायचंय कुणाला? लोक नुसते बघणार. फर्निचर लहान असलं की खोली मोठी दिसते." मग त्या हळूच म्हणाल्या, "हे बाहेर कुणाला सांगू नका हं. तुम्ही आपले घरचे म्हणून बोलले. आणि तुम्ही सुतार नाही हो, कलाकार आहात!"

झालं! मिस्त्री हरभऱ्याच्या झाडावर चढले ते उतरेचनात. पलंग असा सुबक केला की गिऱ्हाइकं दारातच तोंडात बोट घालायची. नवराबायको कडेवर बसून नदी बघायची आणि म्हणायची, "बाई, केवढी ऐसपैस खोली!" मिस्त्री कोपऱ्यात उभे राहून गालातल्या गालात हसायचे. मोठ्यांच्या गमतीत आपणही सामील आहोत, याचं त्यांना कोण कौतुक.

शेडच्या बदल्यात कारागिरांना टॉवरखाली दुकानं मिळणार होती. पुढे मॅडमनी त्यांचंही एक सॅम्पल उभं केलं. त्यात मांडायला एक बाकडंही मिस्त्रींकडूनच करून घेतलं. तेही लहानच, 'नुसतं शोभेला' म्हणून. कारागीर बघायला आले. बाकड्याभोवती चांगली फिरायला जागा दिसत होती. वेल्डर मात्र दारातच घुटमळला. उंच माणूस, गेट करणारा.

"मिस्त्री, तुम्ही आतलं जाणता. बरोबर आहे ना सगळं?"

मिस्त्रींची बायको मागेच उभी होती. तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "अहो, टेप लावा की एकदा. मला मागणी घालायला आलात तेव्हा आमच्या दाराची चौकट मोजत बसला होतात. आता काय झालं?"

टेप मिस्त्रींच्या खिशातच होती. पण समोर मॅडम उभ्या होत्या, हसत होत्या. त्यांच्यासमोर टेप काढायची म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा.

"अगं, ती गंमत गिऱ्हाइकांसाठी असते," मिस्त्री कुजबुजले. "आपण घरचे. घरच्यांना काय टेप लावायची?"

आणि त्यांनी सही ठोकली. मग वेल्डरने केली, आणि बाकीच्यांनीही.

टॉवर झाले. शेड पाडायच्या आधी वडिलांचं बाकडं एका ओळखीच्याच्या गोदामात ठेवलं होतं. दुकानाचा ताबा मिळाला त्या दिवशी हातगाडीवर घालून ते आणलं. बायको बरोबर होतीच; वेल्डर आणि आणखी दोघं हात द्यायला आले. सरळ घातलं, तर निम्मं बाहेर. तिरकं घातलं, भिंतीत अडकलं. उभं केलं, तर छताला टेकलं. मिस्त्रींनी टेप काढली आणि दुकान मोजलं. मग टेप मिटली.

वेल्डर स्वतःच्या दुकानात डोकावून आला. "इथे मी गेट कसली करणार? उंदराचे पिंजरे करीन!" मग तो थांबला. "मिस्त्री, तुम्ही म्हणालात म्हणून सही केली मी."

मिस्त्रींना वर बघवेना.

तेवढ्यात मॅडम आल्या. दुकान सॅम्पलसारखंच आहे, एक सूतही कमी नाही, म्हणाल्या. आणि ते खरंच होतं. मग बाकड्याकडे बघून त्या हरखल्या. "अय्या, किती गोड! हे आपण लॉबीत ठेवू ना. वर कुंड्या, भोवती दोरी, आणि पाटी, 'हात लावू नये'. इथे रस्त्यावर मात्र ठेवता येणार नाही हं. संध्याकाळी पालिकेची गाडी येऊन उचलून नेईल."

हात लावू नये! त्या कडेला? मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

"नको," ते म्हणाले. "ते दुकानातच राहणार."

मॅडम खांदे उडवून गेल्या. मिस्त्रींनी करवत काढली. एवढा हक्काचा टोमणा बायकोने गिळला, यातच काय ते समजा. तिने टेपचं टोक धरून बाकड्याच्या गुळगुळीत कडेला लावलं.

"ही बाजू ठेवा," ती म्हणाली. "कापायचं ते पलीकडून."

मिस्त्रींनी दोनदा मोजलं आणि रेघ मारली. वेल्डर मघापासून पाठ फिरवून उभा होता. तो आला आणि कापायचं टोक त्याने दोन्ही हातांनी धरलं.

करवत निम्म्यावर गेली असेल, तोच वरच्या मजल्यावरच्या एक बाई धापा टाकत खाली आल्या.

"सुतार तुम्हीच ना? सॅम्पलमध्ये कसा छान बसला होता हो पलंग! आमचा खोलीत जातच नाहीये. पायथ्याकडून जरा कापून द्याल का? शेजारचेही विचारतायत."

"येतील," मिस्त्रींची बायको म्हणाली. "सगळ्यांचं कापून देतील. आधी घरचं कापून होऊ दे."