शेवटच्या पाण्यातला कापूर

"अध्यक्षांची अट आहे, वर्गात उभं राहून म्हणायचं, मी शिकवलं ते खोटं होतं. मगच खालाला हात लावू देणार," फोन ठेवत सफूरा म्हणाली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या होत्या.

माझं डोकंच सणकलं. टेमघरच्या एकाच शाळेत आम्ही दोघी. मी मराठीची, ती विज्ञानाची. मोहल्ल्यात कुणी बाई गेली की मय्यतीला आंघोळ घालायला वीस वर्षं सफूरालाच बोलावतात. आज सकाळी शाळेच्या अध्यक्षांची आई, राबियाखाला, गेली. "मला तूच न्हाऊ घाल," असा शब्द म्हातारीने तिच्याकडून घेतला होता.

आणि हिचा गुन्हा काय? दहावीचा उत्क्रांतीचा धडा वगळा, अध्यक्ष म्हणाले, हिने वगळला नाही. एका मुलीने विचारलं, "टीचर, फिर अल्लाहने क्या बनाया?" ही म्हणाली, "सब उसीने बनाया. करोडों साल लगाके बनाया, तो क्या बनानेवाला छोटा हो गया?" एवढ्यावर ही काफर! पाच वेळा नमाज पढणारी बाई काफर, आणि धड्याचं पान न उघडता बोंबलणारे तेवढे दीनदार!

"म्हणून टाक गं एकदाचं," मी चिडून म्हटलं. "निदान खालाचा शब्द राहील."

"खोटं बोलून तिला हात लावू, ताई? अल्लाहने जसं केलंय तसंच सांगितलं मी पोरींना."

तिने कपाटातून कापराची पुडी काढून माझ्या हातात दिली. "शेवटच्या पाण्यात हा लागतो. तिथं कुणाला आठवायचं नाय. माझं नाव सांगू नका."

मी सांगितलं. खालाच्या दारात अध्यक्ष बसले होते, त्यांच्यासमोर चांगलं मोठ्याने विचारलं, "आत कापूर आहे का? सफूराने पाठवलाय."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पडद्याआडून एक ओला हात आला आणि पुडी घेऊन गेला.

मी बाहेर आले तर सफूरा गल्लीच्या पलीकडे, बंद दुकानाच्या पायरीपाशी उभी. बऱ्याच वेळाने कापराचा वास आला.

"झालं," ती म्हणाली. "उद्या धडा पुरा करायचाय, अर्धा राहिलाय."

मग तिने बाह्या खाली ओढून बटणं लावली. तिचे हात कोरडेच होते.