पाच घरची लोकर

टोपड्याचं टोक काही केल्या सापडेना. रत्नम्मानं ते उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीपाशी उजेडात धरलं. टोपडं ते केवढं, तिच्या मुठीत मावेल एवढं. अखेर कानाजवळ एक गाठ लागली. नखानं ती उकरेना, तशी तिनं सरळ दातानंच गाठ तोडली आणि पिवळा धागा ओढला. टाके भराभर सुटत गेले.

तिच्या तिसऱ्या लेकराच्या डोक्यावर हे टोपडं एकोणीस दिवस होतं. विसाव्या दिवशी लेकरू गेलं. त्याचं सगळं अंगडं-टोपडं कुणाला तरी देऊन टाक, घरात ठेवू नकोस, असं सासूनं, भागम्मानं, बजावलं होतं. रत्नम्मानं सगळं दिलं. हे एवढं मात्र ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत दडवलं. दोन वर्षं ते तिथं होतं आणि भागम्माला पत्ता नव्हता, असं रत्नम्मा समजून चालली होती.

आता चौथं. मुलगी. अकरा दिवसांची होऊन शेजारी गोधडीत निजली होती. तिला रडायलाही बळ नव्हतं. परवा दवाखान्यातले डॉक्टर येऊन बघून गेले. वजन कमी आहे, ऊब द्या, ओढत नसेल तर कापसाच्या बोळ्यानं दूध पाजा, म्हणाले. बोळ्यानं पाजलेलं अर्धं दूध ओठांच्या कोपऱ्यातून परत यायचं. ते पुसताना रत्नम्मा तिच्याकडे बघायची नाही. आधीच्या तिघांकडे बघून बघून तिची नजरच भ्याली होती.

उद्या बारसं. पाळण्यावर टांगायच्या चिमण्या चारच झालेल्या.

भागम्माच्या माहेरची एक रीत होती. जिची लेकरं टिकत नाहीत तिनं पुढच्या बाळासाठी नवं काही आणायचं नाही, बाजारातली चिंधीसुद्धा नाही. पाळण्यावरचं पाच चिमण्यांचं चिमणाळं करायचं ते पाच घरून मागून आणलेल्या लोकरीचं. घरंही अशी हवीत, जिथली लेकरं जगली-वाचली, हिंडती-फिरती झाली. त्यांनी अंगावर वापरलेली नाहीतर त्यांचं विणून उरलेली लोकर. न्यायला येणाऱ्याला वाटावं, हे लेकरू ह्या घरचं नव्हेच, हे गल्लीचं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. रत्नम्माला थोडीफार होती, ती तिनं बाजूला ठेवली आणि सातव्या महिन्यात पदर पसरून निघाली.

बसवकल्याणातल्या त्या गल्लीची थंडी घोंगडीवर भागायची. लोकर अंगावर घालणारी घरं ती किती? डाळीच्या व्यापाऱ्याची चंद्रम्मा, तिनं नातवाचे अंगठ्याला भोक पडलेले लाल मोजे दिले. मास्तरांच्या नलिनीबाईंनी मुलाचा कोपरं गेलेला तपकिरी स्वेटर काढला आणि उसवायला स्वतः शेजारी बसल्या. शिंप्याच्या फातिमाबीनं हिरव्या लोकरीचे उरलेले गुंडे ओटीत टाकले आणि म्हणाली, "लेके जा माँ. मेरे पाँच के पाँच हैं, तेरा बी रहेंगा." सिद्धम्मानं आढेवेढे घेत लेकीच्या शालीची पांढरी झालर कापून दिली. पाचव्या शारदाबाई, ओव्हरसियरांच्या. त्यांच्या मुलीचा गुलाबी स्वेटर तिला तोकडा झाला होता. "उसवून ठेवते गं," म्हणाल्या आणि वडील आजारी म्हणून गुलबर्ग्याला गेल्या. तेव्हापासून दाराला कुलूप.

लेकरू जन्माला येईतो काही करायचं नाही, हीही रीतच. म्हणून बाळंतीण असून ती आता क्रोशाची सुई घेऊन बसली होती. उसवलेली लोकर कुरळी होते. ती पाटाला गुंडाळून कढत पाण्याच्या वाफेवर धरायची, वाळवायची, मग सुईला लावायची. सहा टाक्यांचा गोल, पुढच्या फेरीला बारा, मग अठरा. पोट गोल झालं की आत कापूस भरायचा आणि टाके मिटवत आणायचे. हे सगळं भागम्मानंच तिला शिकवलेलं. पहिल्या चिमणीच्या वेळी रत्नम्मा ओठांतल्या ओठांत मोजत होती, तर भागम्मा चुलीपुढून ओरडली होती.

"मनात मोज! लेकराच्या वस्तूचं मोठ्यानं मोजू न्हाई. मोजलेलं टिकत न्हाई."

आणि चार चिमण्या झाल्यावर तिनंच सांगितलं होतं, "पाच म्हंजी पाच. चार टांगायच्या न्हाईत. चौघं कशाला लागतेत, ठावं हाय ना?"

ठाऊक होतं. तीनदा रत्नम्मानं आपलं लेकरू एकेका माणसाच्या हातावरून जाताना पाहिलं होतं. एवढ्याशाला चौघंही लागत नाहीत. पण ते तोंडातून काढायचं नसतं.

म्हणून टोपडं. एकोणीस दिवस का होईना, वापरलेलं होतं. ती स्वतःला एवढंच सांगत होती. त्या पोराचंही काहीतरी पाळण्यावर असावं, त्यानं बहिणीवर लक्ष ठेवावं, असं आत खोल वाटत होतं, ते तिनं स्वतःलाही सांगितलं नाही.

धागा निघता निघता अडला. गाठ. ती टाक्यातून ओढून काढली तर हातभर पुढं दुसरी, मग तिसरी. बारीक, दाबून मारलेल्या, आतल्या बाजूला दडवलेल्या गाठी. नव्या लोकरीला इतक्या गाठी? टोपडं भागम्मानं विणलं होतं, आणि गुलबर्ग्याहून नवी कोरी लड मागवलीय, असं तेव्हा म्हणाली होती. त्या नव्या कोऱ्या लडीलाच रत्नम्मा दोन वर्षं मनातल्या मनात शिव्या देत आली होती. नवं आणलं म्हणूनच गेलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. आता तीच लोकर ती पाळण्यावर टांगणार होती. बुद्धी फिरली की काय आपली, असं वाटून तिनं सुई खाली ठेवली. गोधडीतून काहीच आवाज आला नाही. तिनं सुई पुन्हा उचलली.

भागम्मा देवळातून आली तेव्हा पिवळ्या चिमणीला चोच लावून झाली होती.

"पाचवी झाली?"

"व्हय अत्ती. शारदाबाईंच्या शेजारणीनं लोकर आणून दिली."

भागम्मानं चिमणी हातात घेतली. अंगठ्यानं तिचं पोट दाबलं. टाक्यांवरून बोट फिरवलं, परत फिरवलं.

"डोळे जरा जवळ झालेत," ती म्हणाली आणि आत गेली. जाता जाता चिमणी बाकीच्या चौघींत ठेवायला विसरली. थोड्या वेळानं रत्नम्मानंच ती तिच्या हातातून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पोरीचं अंग कढत होतं. बोळ्यातलं दूध सगळंच बाहेर आलं. रत्नम्माचा नवरा हणमंतप्पा उमरग्याच्या गाडीवर कंडक्टर. त्यानं रजा काढली होती आणि तो दारात उगाच उभा होता. बारसं पुढं ढकलू का, असं त्यानं आईला विचारलं. बिननावाचं ठेवायचं नाही, भागम्मा म्हणाली. मग बायका आल्या, घुगऱ्यांचं पातेलं आलं, पाळण्याला झेंडूची माळ लागली. भागम्मानं स्टुलावर चढून चिमणाळं बांधलं. लाल, तपकिरी, हिरवी, पांढरी. पिवळी तिनं मधोमध घेतली.

रत्नम्माचं लक्ष त्या पिवळीवरून हलेना. पाळण्याला झोका दिला की ती पोरीच्या तोंडावर येई, मागं जाई, परत येई. आपणच हे केलं, तिला वाटत होतं. मेलेल्याचं टोपडं हिच्या डोक्यावर आपण आपल्या हातानं टांगलं. उठावं आणि ती चिमणी तोडून टाकावी, म्हणजे ताप उतरेल. पण दहा बायकांच्या देखत चिमणाळ्याला हात कसा लावणार? मांडीखाली हात दाबून ती बसून राहिली. पोरीचं नाव कल्लव्वा ठेवलं. कल्लु म्हणजे दगड, आणि दगडाला कुणी नेत नाही.

घुगऱ्या वाटणं चालू असतानाच शारदाबाई आल्या. बसमधून उतरून थेट आलेल्या, अंगावरचं लुगडं प्रवासानं चुरगळलेलं. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला गुलाबी गुंडा काढला.

"रत्ना, माफ कर बाई. अप्पांच्या आजारपणात राहूनच गेलं. उशीर तर नाही ना झाला?"

बायकांचे हात पातेल्यात थबकले. चंद्रम्मानं वर पाहिलं. पाचही चिमण्या टांगलेल्या. तिनं बोटांनी मोजलं, मग रत्नम्माकडं पाहिलं.

रत्नम्मानं मान खाली घातली.

भागम्मा पुढं झाली. गुंडा घेतला आणि कमरेला खोचला.

"उशीर कशाचा? पिवळी घरचीच हाय. मीच लोकर काढून दिले. तुमची बी करू की, सहा झाल्या तर बिघडतंय व्हय? घुगऱ्या घ्या."

बायका गेल्या तशी भागम्मानं हणमंतप्पाला हाक मारली. "सायकल काढ. डाक्टरला घिऊनच ये. न्हाई म्हनले तर पाय धर." तो गेला. घरात तिघीच उरल्या. भागम्मा पाळण्याशी बसली आणि पोरीच्या पोटावर तळवा ठेवला.

रत्नम्मा भिंतीला टेकून उभी होती. मग एकाएकी ती पुढं आली आणि चिमणाळ्याची दोरी ओढायला लागली.

"काय करायलीस?"

"काढायले. अत्ती, त्ये टोपड्याचं हाय. तेच्या टोपड्याचं. मी टाकलं न्हवतं, ठिवलं व्हतं. मीच खाल्लं हिला."

"मला ठावं हाय. सोड ती दोरी."

"ठावं हाय?"

"कालच कळलं. माझ्या हातच्या गाठी मला कळणार न्हाईत? ट्रंकेत टोपडं हाय, त्ये बी मला ठावं व्हतं. राहू दे म्हनले, आई हाय ती."

"मंग टांगलं कामून?"

भागम्मानं पोटावरचा हात हलवला नाही. तिकडंच बघत बोलली.

"ती लोकर नवी न्हवती, रत्ना. हणमंताचा स्वेटर व्हता. त्याचे अप्पा हैदराबादहून लोकर आणले व्हते, नवाबाच्या काळात. माझी चार गेली, ह्यो एकटा तगला. तो स्वेटर मी तीस वर्सं जपले. तुझं तिसरं व्हायच्या आधी उसवले. जागोजागी तुटायला लागली, गाठी मारमारून गुंडा केले. तुला नवी म्हनून सांगितले. सांगितलं तर गुण जातो म्हनतेत."

रत्नम्मा दोरी सोडून खाली बसली. जगलेल्या लेकराची लोकर. वापरलेली. म्हणजे पिवळी चिमणी पाळण्यावर टांगायला काहीच हरकत नव्हती. छातीवरचं ओझं उतरल्यागत तिनं श्वास घेतला. मग तो श्वास तिथंच अडकला.

"म्हंजी तेच्या डोक्यावर," ती हळूच म्हणाली, "जगलेल्याचंच व्हतं."

भागम्मानं पोरीचं दुपटं वर ओढलं.

"एकोणीस दिस व्हतं."

"व्हय."

बाहेर कुणाची तरी सायकल वाजली. दोघींनी दाराकडं पाहिलं. सायकल पुढं निघून गेली.

"मंग मला पाच घरं कामून फिरवलात, अत्ती? तुम्हाला तर ठावं व्हतं."

भागम्मानं डाव्या हातानं कमरेचा गुलाबी गुंडा काढला. वर्तमानपत्र सोडलं. टोक शोधायला तिला वेळ लागला, एका हातानं ते जमत नव्हतं, आणि दुसरा हात ती पोरीच्या पोटावरून उचलायला तयार नव्हती. अखेर तिनं टोक आणि क्रोशाची सुई रत्नम्माच्या मांडीवर टाकली.

"कर."

"आता?"

"त्यो डाक्टर येईतो काय करणारेस? आन मी काय करणारे?"

रत्नम्मानं धागा बोटाला गुंडाळला. फास केला. पहिला टाका सुटला, परत घेतला. दुसरा. तळव्याखालचं पोट वर यायचं, खाली जायचं, मधेच थांबल्यासारखं व्हायचं. तेवढ्या वेळात भागम्माचा चेहरा रत्नम्मानं कधी पाहिला नव्हता इतका म्हातारा व्हायचा.

"किती झाले?" भागम्मानं विचारलं.

रत्नम्मानं वर पाहिलं.

"मनातच मोजायले की अत्ती."

"मनात नगं. घर लई गप हाय." तिनं पोरीवर आणखी वाकून कान लावला. "मोठ्यानं मोज, रत्ना. मला ऐकू येऊ दे."

रत्नम्मानं गुलाबी टाक्यांवर बोट ठेवलं आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.