मैदान घ्या, खोटं मागू नका

मित्रांनो, मी युरोपचा जुना नकाशा आहे, पण राहतो चौलच्या शाळेत! कापडावर छापलेला, वर-खाली लाकडी दांड्या. मी नवा होतो तेव्हा मला पाहायला अख्खा वर्ग उठायचा. मग भिंतीवर मोठा पडदा आला, बटण दाबलं की देश हलतात. मी कपाटामागे गेलो. झुरळांनी आइसलँड खाल्लं. खाऊ द्या! वीज गेली की अजून माझीच आठवण होते.

मागच्या महिन्यातही वीज गेली. नववी ‘अ’ची तेजस्वी आणि ‘ब’ची हेमाली एकदमच कपाटाशी आल्या.

“सोड गं, आमचा इतिहासाचा तास हाय!”

“आमचा काय गाण्याचा हाय? तू सोड!”

एकीच्या हातात वरची दांडी, दुसरीच्या हातात खालची. टर्रकन फाटलो.

भांडण कबड्डीवर मिटवायचं ठरलं. ‘ब’ हरली. पहिल्या महायुद्धाचा धडा नुकताच झाला होता. हरलेल्या जर्मनीचं सैन्य कमी केलं, मुलूख घेतला, वर दोषही कबूल करून घेतला. तेजस्वीने तस्साच तह लिहिला. मैदान दिवाळीपर्यंत आमचं. नकाशा तुम्ही शिवायचा. आणि तो तुम्हीच फाडला, असं बाईंना सांगायचं.

“मैदान घ्या. शिवूनपण देते,” हेमाली म्हणाली. “तिसरं जमणार न्हाय.”

“हरलात ना? मग मुकाट्याने ऐका!”

“कबड्डी हरलो गं बाय. खोटं बोलायचं कुठं ठरलेलं?”

“मग आम्हीच सांगू. तालुक्याच्या संघातून उडशील.”

“उडू दे.”

हेमालीने मला घरी नेऊन गोधडीच्या सुईने शिवलं. आई म्हणाली, “पांढरा दोरा घे, दिसणार न्हाय.”

“दिसू दे!” म्हणत तिने लाल ओवला. आल्प्स जरा आकसले, पण मी ताठ!

सोमवारी बाईंनी दोन्ही तुकड्यांसमोर मला उघडलं. “कोणी फाडला?”

सगळ्या हेमालीकडे बघायला लागल्या. ती उभी राहिली. “मी, बाई. खालची दांडी माझ्या हातात होती. वरची कोणाच्या, ते ती सांगेल.”

मग तेजस्वी उठली. सावकाश, तोंड पाडून, पण उठली.

बाईंनी दोघींनाही एका सामन्यात बाहेर बसवलं. मैदान अजून ‘अ’कडेच आहे. ‘ब’च्या मुली समुद्राकाठी पुळणीवर खेळतात आणि केसांत वाळू घेऊन वर्गात येतात, अगदी ऐटीत.

मित्रांनो, मला नीट गुंडाळा, कपाटामागे कोंबू नका. आणि मी पुन्हा फाटलोच, तर जो हरला त्याच्या माथी मारून मोकळे होऊ नका. आधी विचारा, दोन्ही दांड्या कोणाकोणाच्या हातात होत्या!