पालकाची हरकत

“पेन चालत नाही,” टर्नर म्हणाला.

मार्गदर्शनाच्या बाईंनी आपल्या पर्समधलं पेन काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने ते उचललं आणि कागदाच्या कोपऱ्यात एक रेघ ओढली. रेघ निळीशार, ठसठशीत उमटली.

“हेही चालत नाही.”

मागच्या बाकावर कोणीतरी हसू दाबलं. वर्गात वीस-बावीस पालक आपापल्या मुलांच्या बाकांमध्ये गुडघे कोंबून बसले होते. फळ्यावर ‘मुलांचं पुढचं शिक्षण आणि पालक’ असं लिहिलेलं होतं. प्रत्येकाच्या हाती एक कागद होता आणि कागदावर तीन प्रश्न. तुमच्या मुलाला काय करायला आवडतं? त्याने काय व्हावं असं तुम्हाला वाटतं? त्याच्या वयाचे असताना तुमचं कोणी ठरवलं होतं?

बाई तिशीच्या होत्या आणि आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. “तुम्ही सांगा, मी लिहिते,” त्या म्हणाल्या.

“लिहा. पहिल्याचं उत्तर, माहीत नाही. दुसऱ्याचं, खुर्चीत बसून, स्वच्छ कपड्यांत करायचं कुठलंही काम. तिसऱ्याचं, माझं माझ्या बापाने ठरवलं आणि त्याचं हे असं झालं.”

त्याने उजवा हात बाकावर ठेवला. तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून नव्हती. हसणारे गप्प झाले. दुसरे लोक ओळखपत्र दाखवतात तसा तो हा हात दाखवत असे. बसमध्ये, दवाखान्यात, भाडेवाढ मागायला आलेल्या घरमालकाला. हात दाखवला की समोरचा माणूस एक पायरी खाली उतरतो, हे त्याला अकरा वर्षांत पाठ झालं होतं.

बाई मात्र उतरल्या नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी त्याला व्हरांड्यात गाठलं.

“तुमच्या मुलीने तांत्रिक केंद्राची प्रवेश परीक्षा दिली आहे. लेथचा अभ्यासक्रम. तुम्हाला माहीत असेल असं मी धरून चालले होते.”

“कुठला अभ्यासक्रम?”

“लेथचा. तुमचाच. सुट्टीत पंधरा दिवसांचा ओळखवर्गही केला तिने. अर्जावर पालकांची सही आहे.”

“कोणाची सही?”

“तिच्या आईची.”

टर्नरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बाई,” तो म्हणाला, “तुम्ही दुसऱ्यांच्या पोरांना मार्ग दाखवता. तो मार्ग कुठे जातो, ते बघायला तुम्ही नसता.”

“म्हणूनच तर पालकांना बोलावते,” बाई म्हणाल्या. तोवर तो जिना उतरून गेला होता.

त्याला टर्नर म्हणत ते आता नुसतं नावापुरतं. लोखंड कातायच्या मशीनवर, लेथवर, शेवटचं उभं राहून त्याला अकरा वर्षं झाली होती. पंपांच्या कारखान्यात तो आता हत्यारं देण्याघेण्याच्या खिडकीत बसायचा. कामगार यायचे, ड्रिल मागायचे, तो द्यायचा, परत आलं की धार तपासून जागेवर ठेवायचा. पण गल्लीत, दुकानात, सासुरवाडीला, सगळीकडे तो टर्नरच होता, आणि दुसरं काही म्हटलेलं त्याला आवडलंही नसतं.

बोटं कशी गेली, ते त्याच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, अडकलेला लोखंडाचा कीस काढायला त्याने हात घातला होता. शेजारच्या मशीनवर बांबू होता. ताडमाड उंच म्हणून बांबू. तो गप्पा मारत जवळ आला, त्याचा हात मशीन चालू करायच्या दांडीवर पडला आणि चक फिरला. चौकशी झाली, बांबूचं काम गेलं. पुढे तो तांत्रिक केंद्रात शिकवायला लागला, आणि तेव्हापासून या घरात त्या केंद्राचंही नाव निघत नसे.

घरी आल्या आल्या त्याने चपला काढायच्या आधीच विचारलं, “सही कोणी केली?”

“मी केली,” बायको म्हणाली. ती धुतलेले कपडे घड्या घालून ठेवत होती आणि तिने घड्या घालणं थांबवलं नाही. “तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हात दाखवला असता.”

लेक खिडकीपाशी उभी होती. सतरा वर्षांची, त्याच्यासारखीच रुंद खांद्यांची.

“मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणालीस. पंधरा दिवस.”

“खोटं बोलले,” ती म्हणाली. “खरं बोलले असते तर सोडलं असतं का तुम्ही?”

“तिथे शिकवायला कोण आहे, माहितीये ना?”

“माहितीये.”

“त्याने माझी बोटं खाल्ली आणि तू त्याला सर म्हणतेस.”

“चांगलं शिकवतात म्हणून सर म्हणते. पहिल्या दिवशी फक्त मशीन बंद कसं करायचं तेवढंच शिकवलं. दिवसभर. चालू करायला दुसऱ्या दिवशी दिलं.”

“ढोंग आहे ते.”

“असेल. पण बाबा, तुमची बोटं गेली म्हणून माझे हात बांधून ठेवणार का?”

“ठेवीन,” टर्नर म्हणाला. “लग्न होईपर्यंत ठेवीन. नंतर नवऱ्याला सांगून ठेवीन.”

“मग तेवढंच करा,” ती म्हणाली आणि आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर त्याला ओरडायला निमित्त मिळालं असतं.

बायको म्हणाली, “लहानपणी तीच तुमच्या मांडीवर बसून ड्रिलांची मापं ओळखायची. डोळे मिटून. तेव्हा अख्ख्या गल्लीला दाखवत होतात की कौतुक.”

“तो खेळ होता.”

“तुमच्यासाठी होता,” ती म्हणाली, आणि घड्यांचा गठ्ठा उचलून कपाटाकडे गेली.

तीन दिवसांनी दुपारनंतरची रजा टाकून टर्नर केंद्रावर गेला. बसमध्ये त्याने वाक्यं जुळवली. बांबू आपलं देणं लागतो, ते त्याने असं फेडावं. एवढंच बोलायचं, उभ्या उभ्या बोलायचं आणि निघायचं.

कार्यशाळेच्या दाराशी मात्र त्याचे पाय थबकले. गरम लोखंडाचा आणि तेलाचा वास आला. आत दोन रांगांत लेथ उभे होते, पुसून स्वच्छ केलेले. एका मशीनवर कोणीतरी काम करत होतं, आणि नुसत्या आवाजावरून टर्नरला कळलं की हत्यार अर्ध्या केसाने खाली लागलंय. त्याचा अंगठा आपोआप हलला, दांडा फिरवावा तसा. त्याने हात खिशात घातला.

बांबू बाजूच्या काचेच्या खोलीत बसला होता. केस पिकले होते आणि उंची पाठीतून वाकली होती. त्याने टर्नरला ओळखलं, पण बस म्हणाला नाही.

“मुलीचं नाव यादीत नको,” टर्नर म्हणाला. “तेवढं करायचं. तू लागतोस माझं.”

“काय लागतो?”

“तुला माहितीये काय ते.”

बांबूने खणातून एक कागद काढला. “चार वाजता यादी लागणार आहे. तुझ्या मुलीचा दुसरा नंबर. पहिला आला असता, पण चार मिनिटं जास्त लागली तिला. का लागली, सांगू?”

“मला ऐकायचं नाही.”

“दर वेळी माप घ्यायच्या आधी मेन स्विच बंद करत होती. बाकी एकानेही नाही केला. मी म्हटलं, पोरी, माझ्याकडून शिकलीस का? तर म्हणाली, नाही सर, आमच्या घरी साधा पंखा पुसायचा असला तरी बाबा मेन स्विच बंद करायला लावतात.”

टर्नरने खिशातला हात आणखी आत सरकवला.

“मी त्या दिवशी तुझ्या मशीनपाशी आलोच नव्हतो,” बांबू म्हणाला.

“चौकशीत सिद्ध झालंय.”

“चौकशीत तू बोललास ते सिद्ध झालं. तुझा हात पट्ट्यांत गुंडाळलेला, आणि मी समोर धडधाकट उभा. माझं कोण ऐकणार होतं? दोन वर्षं मी कुणाच्या दारात उभा राहू शकलो नाही. माझी बायकोसुद्धा एकदा म्हणाली, खरं सांगा, चुकून लागला असेल हात. त्यानंतर तिलाही मी सांगायचं सोडलं.” त्याने कागद टेबलावर फिरवून टर्नरकडे सरकवला आणि त्यावर पेन्सिल ठेवली. “पालकाची हरकत असेल तर नाव निघतं, तसा नियमच आहे. पण मी नाही काढणार. तू काढ. तू खोडलंस की मी वर पाठवतो, कारण कोणी विचारणार नाही.”

टर्नरला हा डाव वाटला. आपण कचरू अशी याची अटकळ असणार. त्याने पेन्सिल अंगठा आणि अनामिकेच्या मध्ये धरली, दुसऱ्या क्रमांकावरचं नाव शोधलं आणि त्यावरून एक जाड रेघ ओढली. मग तिच्यावरून पुन्हा एकदा.

“झालं,” तो म्हणाला.

“झालं,” बांबू म्हणाला.

दारावर टकटक झाली. “सर, यादी लावायची ना?” म्हणत लेकच आत आली, आणि बापाला बघून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग ती गेली आणि तिथे असं काही उमटलं जे टर्नरने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

“बाबा? तुम्ही माझा निकाल बघायला आलात?”

बांबूने कागदावर शांतपणे एक वही ठेवली. “हो,” तो म्हणाला. “तुझे वडील चौकशी करायला आले होते. तू बाहेर थांब दोन मिनिटं.”

त्याने टर्नरकडे पाहिलंही नाही. आणि तेच टर्नरला सहन झालं नाही. शिवी दिली असती, कॉलर धरली असती, तरी चाललं असतं. पण आपली अब्रू झाकायला या माणसाने खोटं बोलावं, या माणसाने.

“निकाल बघायला नाही,” तो म्हणाला. “तुझं नाव खोडायला आलो होतो. खोडलं.”

लेकीने पुढे येऊन वही बाजूला केली आणि रेघ पाहिली. रडली नाही. बाहेरचं मशीन बंद झाल्याचं तिघांनाही ऐकू आलं.

टर्नरने हात पुढे केला. “हे असं होऊ नये म्हणून—”

“हात नका दाखवू,” ती म्हणाली. “तो मी रोज बघते.” मग ती जरा हळू आवाजात, एखाद्या कामगाराने दुसऱ्याला विचारावं तसं बोलली. “मला एकच सांगा. चकमध्ये हात घातलात तेव्हा मेन बंद होता का?”

अकरा वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. चौकशीत विचारलं होतं ते दांडीला कोणाचा हात लागला एवढंच. मेन बंद असता तर दांडीला कोणाचाही हात लागून काही झालं नसतं. हे समजायला मशीनवर उभं राहिलेलं माणूस लागत होतं, आणि ते आता त्याच्याच घरातून निघालं होतं.

“चालू होता,” टर्नर म्हणाला.

बांबू खुर्चीतून उठला.

“आणि दांडी?” लेकीने विचारलं.

“माझंच कोपर लागलं.”

बांबू उभा होता, तो सावकाश खुर्चीत बसला. त्याने टेबलाची कड धरली आणि काचेतून बाहेर रिकाम्या मशीनांकडे पाहत राहिला. त्याला आनंद झालेला दिसत नव्हता. बऱ्याच वेळाने त्याने खणातून एक कोरा कागद काढला.

“हरकत मागे घेत असशील तर लिहून दे. खाली सही आणि तारीख.”

टर्नरने वाकून लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. सही झाल्यावर बांबूने तो कागद यादीला टाचला. “ते दुसरं, त्या दिवसाचं, पण कधी लिहून देशील का, विचारणार नाही मी,” तो म्हणाला. “आता उपयोग नाही. पण इथे परत येऊ नकोस.”

“नाही येत.”

लेक यादी घेऊन त्याच्या आधी बाहेर पडली. फळ्यापाशी मुलं जमली होती. तो तिच्यासाठी फाटकापाशी थांबला. दोन बस गेल्या. तिसऱ्या बसमध्ये ती चढलेली त्याला दिसली, पुढच्या दाराने, आणि तो मागच्या दारापाशी पोहोचेपर्यंत बस सुटली.

तिचं शिक्षण सुरू झालं. सकाळी ती त्याच्या आधी निघायची. घरात भांडण असं काही उरलं नाही. लागेल तेवढं ती आईशी बोलायची, आणि आई त्याला सांगायची. पहिल्या सहामाहीत ती पहिली आली, तेही त्याला असंच कळलं. त्याने बरं म्हटलं. कारखान्यात आता कोणी बोटांचं विचारलं तर तो ‘माझीच चूक’ म्हणायचा. नव्या पोरांना वाटायचं, मोठ्या मनाचा माणूस आहे.

एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती टेबलाशी दिव्याजवळ बसली होती. हातात सुई होती. डाव्या अंगठ्यात लोखंडाचा बारीक कीस रुतला होता आणि ती तो काढायला बघत होती. बायको बाहेर गेली होती. तो कपडे न बदलता समोरच्या खुर्चीवर बसला. ती सुई चुकीच्या बाजूने घालत होती. असं केल्याने कीस आणखी आत जातो. तो बघत राहिला. तिसऱ्या वेळी सुई घसरली आणि रक्ताचा थेंब आला.

“बोट दिव्यासमोर आडवं धर,” तो म्हणाला. “चमकेल. जिथून शिरलाय तिकडूनच उचल.”

तिने मान वर केली नाही. मग तिने अंगठा दिव्यासमोर आडवा धरला. कीस चमकला. तिने सुईचं टोक त्याखाली घातलं, तो अलगद उचलून टेबलावर काढला, अंगठा चोखला आणि दिवा त्याच्या बाजूला तसाच जळता ठेवून आत निघून गेली.