न बिघडता बंद पडलेली जीप

मी एक जुनी जीप आहे, आणि बाकी काही सांगण्याआधी हे सांगते की मी बिघडलेली नव्हते. मित्रांनो, हे वाक्य मी रोज मनात घोकते. कारण या गावात येणारा-जाणारा जो तो माझ्या बॉनेटवर थाप मारून विचारतो, "हीच ना ती, चित्त्यापाशी बंद पडलेली?" हीच ती. पण बंद पडणे वेगळे आणि बिघडणे वेगळे, हे समजून घ्यायला इथे कुणाला सवड आहे!

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. मोंबासाच्या बंदरात उतरले तेव्हा माझ्या डोक्यावर चांगले भक्कम छत होते. नैरोबीच्या गॅरेजमध्ये नेऊन ते पहिल्याच आठवड्यात कापले. का, तर फोटो काढणाऱ्यांना उभे राहता यावे! मग वर उचलता येणारे दुसरे छत बसवले, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे जाड केले, अंगाला मातकट रंग फासला आणि मला मसाई मारा अभयारण्यातल्या एका लॉजवर धाडून दिले. तिथे पर्सालोई नावाचा मसाई जमातीतला ड्रायव्हर माझ्या वाट्याला आला. गाडी चालवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बोलण्यातही नव्हता, आणि माझे दुखणे तेच होते.

पाहुण्यांबद्दल काय सांगू! बूट घालून माझ्या गाद्यांवर उभे राहायचे, कडधान्याने भरलेल्या उशा माझ्या छताच्या कडेवर टाकायचे आणि त्यांवर हातभर लांब कॅमेरे ठेवायचे. झेब्रा दिसला की जांभया, सिंह दिसला की धक्काबुक्की. "आणखी जवळ घ्या, आणखी जवळ!" अरे, आणखी किती जवळ? सिंहाच्या मिशा मोजायच्या आहेत का? फोटो निघताना गाडी हलता कामा नये म्हणून इंजिन बंद करायला लावायचे, आणि मग स्वतःच उड्या मारून मला गदागदा हलवायचे. तरी मी कधी कुरकुर केली नाही. पावसाळ्यात नव्या कोऱ्या गाड्या चिखलात रुतून बसत आणि मी त्यांना दोराने ओढून काढत असे. ड्रायव्हर लोक म्हणत, "पर्सालोईची म्हातारी आणा रे!" तेव्हा मला फार बरे वाटे.

जनावरे पाहून झाली की पाहुण्यांना माणसे पाहायची असत. मग पर्सालोई त्यांना आपल्या आईच्या वस्तीवर नेई. आईला तो येयो म्हणतो, म्हणून सगळेच तिला येयो म्हणतात. एकदा एका पाहुण्याने येयोला फोटोसाठी उभे केले आणि सांगितले की हातातला मोबाइल आणि पायातल्या रबरी चपला बाजूला ठेव, फोटो खरा वाटला पाहिजे.

"खरा वाटला पाहिजे म्हणजे?" येयो कडाडली. "मी काय खोटी आहे? माझी शेळी चुकलीय, मी लेकीशी बोलतेय. तुझा फोटो कुठं पळून चाललाय?"

त्याच गाडीत आकिन्यी नावाच्या बाई होत्या. त्या किसुमू शहरच्या, आणि फोटो काढणे हाच त्यांचा व्यवसाय. त्या खो खो हसल्या आणि त्यांनी येयोचा फोन कानाला लावलेला, चपला घातलेला, चिडलेला फोटो काढला. फोटो पाठवतो असे सगळेच सांगतात. पण पुढच्या वर्षी आकिन्यीबाई तो फोटो मोठा करून घेऊन आल्या. तेव्हापासून त्या आल्या की येयो त्यांना दुधाचा चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

आता मुख्य गोष्ट. मारात ड्रायव्हर लोकांचा एक रिवाज आहे. कुणाला काही दिसले की त्याने रेडिओवर बाकीच्यांना सांगायचे. आज तू सांग, उद्या मी सांगतो. जनावरांची नावे घ्यायची नाहीत, नाहीतर पाहुणे हुरळतात, म्हणून चित्त्याच्या मादीला म्हणायचे ठिपकेवाली. रिवाज चांगला आहे. पण एक बातमी गेली की दहा दिशांनी गाड्या धावतात आणि त्या बिचाऱ्या जनावराभोवती बाजार भरतो.

त्या सकाळी माझ्यात फक्त आकिन्यीबाई होत्या. सुक्या ओढ्यापलीकडे, गवतात, एक चित्तीण बसलेली दिसली. मागे तिची पिल्ले होती आणि समोर हरणांचा कळप. पर्सालोईने इंजिन बंद करण्याआधी रेडिओ उचलला. "ठिपकेवाली! सुक्या ओढ्यापलीकडं, पिल्लांसकट!"

"झालं? पिटलीस दवंडी?" आकिन्यीबाई वैतागल्या. "जरा म्हणून दम निघाला नाही तुला!"

"रिवाज आहे, बाई. काल त्या मुसेम्बी ड्रायव्हरनं मला सिंह दाखवला. आज मी गप्प बसू?"

"तिची शिकार झाल्यावर सांगायचं होतंस. पिल्लांच्या पोटाकडं बघ जरा."

पर्सालोईने दुर्बीण लावली. पोटे खपाटीला गेली होती. दुर्बीण खाली घेतली तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "काल हरणापर्यंत पोचली होती ती. तेवढ्यात गाड्या मधे घुसल्या. परवाही तेच झालं. आज नाही मिळालं, तर त्या धाकट्याचं काही खरं नाही."

मागे धुळीचे लोट दिसू लागले. त्यांत सगळ्यांत पुढे मुसेम्बीची गाडी होती. ओढा उतरायला तिथे एकच वाट आहे, एका वेळी एकच गाडी जाईल एवढी. पर्सालोई म्हणाला, "आपण आधी पलीकडं जाऊन गुपचूप थांबू."

"आपण गेलो की सगळे मागून येणार."

पर्सालोईने त्या अरुंद वाटेकडे पाहिले, मग मागच्या धुळीकडे. मग त्याने विचारले, "बाई, ओढ्यात उतरल्यावर तुम्हाला काहीसुद्धा दिसणार नाही. चालेल?"

"फोटोचं माझं मी बघेन. तू तिचं बघ."

त्याने मला ओढ्यात उतरवले, नेमके अरुंद जागी उभे केले, किल्ली काढून खिशात टाकली आणि बॉनेट उघडून ओरडला, "बंद पडली रे!"

मित्रांनो, माझा संताप झाला. मी बंद पडले? चिखलातून दुसऱ्यांना ओढणारी मी? आणि हे सांगायचे कुणाला, तर मागे येऊन थांबलेल्या त्या साऱ्या नव्या गाड्यांना! पण मारात दुसराही एक रिवाज आहे. ड्रायव्हर कधी दुसऱ्याची अडकलेली गाडी सोडून पुढे जात नाही. सगळे खाली उतरले आणि माझ्या धडधाकट इंजिनात डोकी घालून उभे राहिले.

"पंप गेलाय."

"पंप कसला? बॅटरी आहे."

"तू सरक रे! स्वतःच्या गाडीचं दार दोरीनं बांधलंयस आणि दुसऱ्याची बॅटरी सांगतोस!"

प्रत्येकाला माझ्यात काही ना काही रोग सापडला. मागचे पाहुणे ओरडत होते, "ढकला तिला बाजूला!" छतातून उभ्या असलेल्या आकिन्यीबाईंना समोर नुसती मातीची दरड दिसत होती. त्यांनी लांब कॅमेरा खाली ठेवला, लहान कॅमेरा घेतला आणि पुढे वाकून, माझ्या बॉनेटवर ओणव्या झालेल्या त्या वैद्यांचे फोटो काढू लागल्या.

इतक्यात दरडीपलीकडून आवाज आला. एखाद्या पाखराने चिवचिवावे तसा, पण ते पाखरू नव्हते. पर्सालोईने डोके वर काढले.

"पिल्लांना बोलावतेय," तो अगदी हळू म्हणाला. "जेवायला."

तो आवाज मुसेम्बीनेही ओळखला. त्याने पर्सालोईच्या खिशातून लोंबणारी किल्लीची दोरी पाहिली, मग माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा बॉनेटमध्ये डोके घातले. "बिघाड फार मोठा आहे," तो मोठ्याने म्हणाला. "वेळ लागेल." आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून त्या भल्या माणसाने माझी डिझेलची नळी उपटली! नळीत हवा शिरली. आता मी खरोखरच सुरू होत नव्हते. शेवटी मला दोर बांधून लॉजवर नेले. मला, दोर बांधून!

लॉजचे मालक चेरुइयोत अंगणातच उभे होते. "जनावरापाशी बंद पडणारी गाडी पाहुण्यांना कशी देऊ? उद्या सिंहापाशी बंद पडली म्हणजे?"

पर्सालोईने तोंड उघडले. मला वाटले, आता हा खरे सांगेल. पण मुद्दाम पाहुण्यांची वाट अडवली असे कळते, तर त्याची नोकरी गेली असती, मुसेम्बीचीही गेली असती. त्याने तोंड मिटले. जन्मभर बडबड करणारा माणूस नेमका त्या दिवशी गप्प बसला.

मालकांनी मला स्वस्तात विकायला काढले, पर्सालोईनेच मला घेतले आणि नळी नीट बसवली. तेव्हापासून मी येयोच्या वस्तीवर पाण्याची पिंपे वाहते. शेळ्या माझ्या गाद्या कुरतडतात. माझे छत आता कुणी उचलत नाही, कारण त्यावर कोंबड्या बसतात. येयो माझ्या आरशात पाहून कानातले घालते, तेवढाच काय तो माझा मान. पर्सालोई सुट्टीवर आला की तेल तपासतो, काच पुसतो आणि आजूबाजूला कुणी नाही असे पाहून म्हणतो, "रागावू नको ग म्हातारे. धाकटं पिल्लूसुद्धा आता एकट्यानं शिकार करतं." मी रागावतेच. पण तो गेल्यावर ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत बसते, हेही खरे आहे.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कॅमेरा घेऊन इकडे याल. अवश्य या, पुष्कळ फोटो काढा, येयोचे चपलांसकट काढा आणि आठवणीने पाठवा. फक्त ड्रायव्हरला "आणखी जवळ" म्हणू नका. चित्तीण हरणाकडे पाहत असेल, तर तिचे जेवण होईपर्यंत लांबच उभे राहा. तुम्ही आपण होऊन थांबलात, तर माझ्यासारख्या एखाद्या चांगल्या चालत्या गाडीला जन्मभर बिघडलेली म्हणवून घ्यावे लागणार नाही.